इलियड भाषांतरातून वाचताना: प्रत निवडण्यापासून चोविसाव्या सर्गापर्यंत

होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य इलियड हातात घेतलेले बरेच वाचक दुसऱ्या सर्गात थांबतात. पहिला सर्ग भांडणाचा आहे, तो झपाट्याने वाचून होतो. दुसऱ्यात जहाजांची यादी लागते, पुस्तक मिटतं आणि मग महिनोन्‌महिने तसंच राहतं. यात वाचकाच्या चिकाटीचा दोष नसतो. हे काव्य ऐकण्यासाठी रचलेलं आहे. त्याचा वेग, त्यातली पुनरुक्ती, लांबलचक उपमा सगळं कानाच्या हिशेबाने बेतलेलं आहे, आणि आपण ते कादंबरीसारखं पानांमागून पानं उलटत वाचायला जातो. चांगलं भाषांतर, चार रकान्यांचा एक कागद, मोठ्याने वाचायची तयारी आणि काव्यातल्याच दिवसांप्रमाणे पाडलेल्या बैठका एवढ्यावर हे काव्य पुरं वाचून होतं. पुढचं सगळं इंग्रजी भाषांतर वाचणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलं आहे.

आधी आवाका पाहू. मूळ ग्रीक काव्याच्या 15,693 ओळी आहेत, सर्ग 24. ही विभागणी होमरची नव्हे, नंतरच्या काळातली. ग्रीक वर्णमालेत 24 अक्षरं म्हणून सर्गही 24. सर्वांत मोठा पाचवा, 909 ओळींचा. सर्वांत लहान एकोणिसावा, 424 ओळींचा. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण बारा ओळी होतात, म्हणजे सरासरी सर्गाला पन्नास-पंचावन्न मिनिटं आणि सगळं काव्य बावीस तासांच्या आसपास. आठवड्याला तीन बैठका धरल्या तर सहा आठवडे लागतात.

उघडण्यापूर्वी काय ठाऊक असावं

थोडंच. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने मेनेलाउसची बायको हेलन पळवून नेली. मेनेलाउसचा भाऊ अ‍ॅगमेम्नॉन सगळ्या ग्रीकांना घेऊन ट्रॉयवर चालून आला. वेढ्याचं दहावं वर्ष चालू आहे. अकिलीस हा ग्रीकांतला सर्वांत मोठा योद्धा, त्याची आई थेटिस ही समुद्रातली देवी. त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत: इथे लढून लवकर मरायचं आणि अखंड कीर्ती मिळवायची, किंवा घरी परतून दीर्घायुषी पण अनाम राहायचं. पहिल्या सर्गात अ‍ॅगमेम्नॉन त्याला मिळालेली बंदिवान स्त्री ब्रिसेइस काढून घेतो, त्यावरून भांडण होतं आणि अकिलीस लढाई सोडून बसतो.

काय नाही तेही सांगायला हवं, कारण पुष्कळांची निराशा तिथे होते. लाकडी घोडा इलियडमध्ये नाही; तो होमरच्याच ओडिसी या काव्याच्या चौथ्या आणि आठव्या सर्गात येतो. अकिलीसची टाच नाही, त्याचा मृत्यूही नाही. ट्रॉय जळताना दिसत नाही. युद्धाची सुरुवात नाही आणि शेवटही नाही. दहाव्या वर्षातले पन्नासेक दिवस आहेत, आणि त्यांत प्रत्यक्ष लढाईचे चारच.

पुढे काय होणार हे आधी कळलं तर मजा जाईल असं वाटून कोणी सारांश टाळत असेल तर टाळू नये. कीर्तनाला बसलेल्यांना आख्यानाचा शेवट ठाऊकच असतो, तरी ते उठून जात नाहीत. होमरच्या श्रोत्यांचंही तसंच होतं. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस मरणार, मग ट्रॉयचा सर्वांत मोठा योद्धा हेक्टर मरणार हे काव्य स्वतःच बरंच आधी सांगून टाकतं. माहीत असलेली गोष्ट कशी येते, केव्हा येते, हे ऐकण्यात खरी गोडी आहे. प्रस्तावना मात्र नंतर वाचावी. चांगल्या आवृत्त्यांना पन्नास-साठ पानांच्या विद्वत्तापूर्ण प्रस्तावना असतात आणि त्या काव्य वाचून झाल्यावरच उमगतात. आधी फक्त नकाशे आणि नावांची सूची पाहून ठेवा.

भाषांतर निवडणं

मूळ छंद सहा गणांचा आहे. शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ म्हटलेल्या मराठी वाचकाला तो चटकन समजतो, कारण ग्रीक छंदही आपल्या वृत्तांसारखा लघु-गुरूवर चालतो. त्यातला मुख्य गण म्हणजे आपला भ-गण, गुरू-लघु-लघु. त्याच्या जागी दोन गुरूही येऊ शकतात. इंग्रजी पद्य लघु-गुरूवर नव्हे तर आघातावर चालतं. त्यामुळे हा छंद इंग्रजीत जसाच्या तसा उतरत नाही, आणि प्रत्येक भाषांतरकाराला काहीतरी सोडावंच लागतं. त्याने काय सोडलं आणि काय राखलं हे पाहून प्रत निवडायची.

रिचमंड लॅटिमोर (1951) लांब, सहा आघातांच्या ओळी लिहितो आणि मुळाच्या ओळीला ओळ देत जातो. पुनरुक्ती, विशेषणं, शब्दांचा क्रम यांत तो शक्य तितका मुळाजवळ राहतो. वाचताना थोडा जड वाटतो, पण ‘अमुक सर्ग, अमुक ओळ’ असा कुठलाही संदर्भ त्याच्या प्रतीत लगेच सापडतो. रॉबर्ट फेगल्स (1990) मुक्त लयीत लिहितो. तो वेगवान, नाट्यपूर्ण आणि मोठ्याने वाचायला सोपा आहे. मात्र त्याच्या ओळी मुळापेक्षा जास्त होतात. म्हणून त्या प्रतीत पानाच्या डोक्यावर कंसात मूळ ग्रीक ओळींचे आकडे असतात आणि बाजूला भाषांतराचे स्वतःचे. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की टिपा आणि संदर्भ जुळेनासे होतात. एमिली विल्सन (2023) पाच आघातांच्या निर्यमक ओळीत, आजच्या स्वच्छ इंग्रजीत लिहिते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला, विशेषतः इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्याला, ही प्रत सर्वांत कमी अडवते. स्टॅन्ली लोम्बार्डोचं (1997) भाषांतर आटोपशीर आणि बोलीतलं आहे, त्यात लांब उपमा तिरप्या अक्षरांत वेगळ्या काढल्या आहेत. पद्य नकोच असेल तर मार्टिन हॅमंडचं गद्य (1987) नेमकं आणि भरवशाचं आहे.

फुकट मिळणाऱ्या प्रतींबद्दल एक इशारा. स्वामित्वहक्क संपलेली भाषांतरं इंटरनेटवर सहज मिळतात, आणि फुकट म्हणून तीच आधी उघडली जातात. सॅम्युअल बटलरचं गद्य (1898) वाचनीय आहे, पण त्यात देवांची नावं रोमन आहेत: झ्यूसचा जोव्ह, हेराची जूनो, अथीनाची मिनर्व्हा, ओडिसियसचा युलिसिस. अलेक्झांडर पोपचं (1715 ते 1720) यमकबद्ध भाषांतर इंग्रजी काव्य म्हणून थोर आहे, पण पहिल्या वाचनाला ते घेऊ नये. प्रत्येक दोन ओळींना यमक जुळवताना होमरचा सरळपणा त्यात हरवतो. ए. टी. मरेचं गद्य पर्सियस डिजिटल लायब्ररीत ग्रीक मजकुरासह आहे. जुनी भाषा सहन होत असेल तर एखादी ओळ ताडून पाहायला ते उपयोगी पडतं.

निवड करायला अर्धा तास पुरतो. दोन-तीन भाषांतरांचे नमुने उघडा आणि दोन उतारे मोठ्याने वाचा. पहिला, पहिल्या सर्गाच्या पहिल्या सात ओळी. दुसरा, सहाव्या सर्गात 466च्या आसपास, जिथे हेक्टरचं तान्हं पोर बापाच्या शिरस्त्राणावरचा तुरा बघून घाबरतं आणि दाईच्या कुशीत तोंड लपवतं. पहिल्यात गांभीर्य हवं, दुसऱ्यात घरगुतीपणा. एकाच भाषांतरकाराला दोन्ही साधलं असेल आणि वाचताना तुमची जीभ कुठे अडखळली नसेल, तर ती प्रत घ्या. एकदा घेतली की सहा आठवडे तीच. मधेच भाषांतर बदललं की विशेषणं बदलतात, नावांची वर्णयोजनाही बदलते (लॅटिमोरकडे अ‍ॅजॅक्सचा आयास होतो), आणि कानात बसू लागलेली लय मोडते.

चार रकाने

एका मोठ्या कागदावर चार रकाने पाडा. कागद पुस्तकातच ठेवा.

पहिल्यात माणसं, फक्त वीस. ग्रीकांकडून अ‍ॅगमेम्नॉन, मेनेलाउस, अकिलीस, पॅट्रोक्लस, ओडिसियस, अ‍ॅजॅक्स, डायोमिडीस, नेस्टर, फीनिक्स आणि भविष्य सांगणारा कॅल्कस. ट्रॉयकडून राजा प्रायाम, राणी हेक्युबा, हेक्टर, त्याची बायको अँड्रोमाकी, पॅरिस, हेलन, इनीअस, सार्पेडॉन, ग्लॉकस आणि पॉलिडामस. शेवटचं नाव बहुतेक याद्यांत नसतं, पण ते लिहाच. पॉलिडामस आणि हेक्टर एकाच रात्री जन्मले. एक सल्ल्यात श्रेष्ठ, दुसरा भाल्यात. पॉलिडामस शहाणपणाचं सांगतो, हेक्टर कधी ऐकतो, कधी झिडकारतो. अठराव्या सर्गात झिडकारलेला सल्ला त्याला बाविसाव्यात, तटाबाहेर एकटा उभा असताना आठवतो. हा धागा हाती असला की हेक्टर कळतो.

दुसऱ्या रकान्यात पर्यायी नावं. ग्रीकांना या काव्यात ग्रीक म्हणतच नाहीत. ते अकियन, आर्गाइव्ह किंवा डॅनअन असतात, आणि तिन्हींचा अर्थ एकच. पॅरिस म्हणजेच अलेक्झांड्रॉस, ट्रॉय म्हणजेच इलियॉन, स्कॅमँडर नदी म्हणजेच झँथस. अ‍ॅट्रिअसचा पुत्र म्हटलं तर अ‍ॅगमेम्नॉन किंवा मेनेलाउस, पेलिअसचा पुत्र अकिलीस, टायडिअसचा पुत्र डायोमिडीस. पार्थ, कौंतेय, धनंजय, सव्यसाची ही चारही एकाच माणसाची नावं आहेत हे ज्याला कधी कोडं वाटलं नाही, त्याला इथेही फार काळ वाटणार नाही. दोन अ‍ॅजॅक्स मात्र खरोखरच दोन आहेत. टेलॅमनचा मुलगा तो मोठा, ओइलिअसचा मुलगा तो लहान.

तिसऱ्यात देवांचे पक्ष. ग्रीकांकडे हेरा, अथीना, पोसायडन, हिफेस्टस. ट्रॉयकडे अपोलो, अ‍ॅफ्रोडाइटी, एरीस, आर्टेमिस. झ्यूस पक्षापलीकडचा आहे, पण पहिल्याच सर्गात त्याने थेटिसला शब्द दिला आहे की अकिलीसचा मान परत मिळेपर्यंत ट्रोजनांची सरशी होऊ देईन. आठव्यापासून पंधराव्या सर्गापर्यंतची सगळी उलथापालथ या एका शब्दामुळे होते. तो विसरला की हे सर्ग निव्वळ गोंधळ वाटतात.

चौथ्या रकान्यात नकाशा. वर समुद्रकिनारा आणि ओढून ठेवलेली ग्रीक जहाजं. एका टोकाला अकिलीस, दुसऱ्याला मोठा अ‍ॅजॅक्स, मध्यभागी ओडिसियस. जहाजांपुढे तट आणि खंदक. तो सातव्या सर्गात बांधला जातो, तोवर काढू नका. मग मैदान आणि त्यातून वाहणारी स्कॅमँडर. खाली ट्रॉय, त्याचा स्कीअन दरवाजा. मागे इडा पर्वत, तिथून झ्यूस पाहतो. लढाई कुठल्या रेषेवर आहे यावर कोण जिंकतंय ते कळतं. ती जहाजांकडे सरकली की ग्रीक संकटात आहेत. तेराव्या-चौदाव्या सर्गात वाट चुकलीच, तर नकाशावर बोट ठेवून एवढंच पाहा.

बैठका: पानांवर नको, दिवसांवर

रोज अमुक पानं असं ठरवलं की बैठक लढाईच्या ऐन मधे तुटते आणि दुसऱ्या दिवशी कोण कुठे उभा होता ते आठवत नाही. काव्यात पहाट आणि सूर्यास्त नीट दाखवलेले आहेत, त्यांनाच धरून चाला.

पहिला सर्ग, भांडणाचा, एका बैठकीत. त्यानंतर लढाईचा पहिला दिवस, सर्ग दोन ते सात, चार बैठकांत: दुसरा; तिसरा-चौथा; पाचवा; सहावा-सातवा. दुसरा दिवस आठव्या सर्गात संपतो आणि पाठोपाठ रात्र येते: ट्रोजनांच्या हजार शेकोट्या, प्रत्येकीभोवती पन्नास माणसं. नववा सर्ग त्याच रात्रीचा, तो एकटाच वाचायचा. दहावाही त्याच रात्रीचा, हेरगिरीचा. तो मूळ रचनेतला नसावा अशी शंका प्राचीन काळापासून घेतली जाते. वेळ कमी असेल तर बेलाशक पुढच्या वाचनासाठी ठेवा, कथेचा धागा तुटत नाही.

तिसऱ्या दिवशी काव्याची खरी लांबी जाणवते. अकराव्या सर्गाच्या पहिल्या ओळीत पहाट होते आणि सूर्य मावळतो तो अठराव्याच्या 240व्या ओळीच्या सुमारास, तेही हेरा त्याला मनाविरुद्ध ढकलते तेव्हा. म्हणजे काव्याचा एक तृतीयांश भाग एकाच दिवसाचा आहे. इथे थकवा येतो, आणि तो यायलाच हवा. लढणारेही थकलेले आहेत. पाच बैठका ठेवा: अकरावा; बारावा-तेरावा; चौदावा-पंधरावा; सोळावा एकटा; सतरावा-अठरावा. जोडीचे सर्ग मोठ्याने वाचायला दोन तासांपर्यंत जातात. तेराव्या आणि सतराव्यातली लढाई मनात वाचली तरी चालेल, पण भाषणं मोठ्यानेच. चौथा दिवस दोन बैठकांत, एकोणीस-वीस आणि एकवीस-बावीस. तेविसावा एक बैठक. चोविसावा एकटा. सगळ्या मिळून सतरा होतात.

एवढं जमणारच नसेल तर पहिला, सहावा, नववा, सोळावा, अठरावा, बाविसावा आणि चोविसावा हे सात सर्ग पूर्ण वाचा आणि मधल्यांचा सारांश पाहा. मात्र इलियडचा एक गुण त्यात हरवतो. अकिलीस रणांगणावर नाही, याचं ओझं काव्य आपल्याला अठरा सर्ग वाहायला लावतं. ते ओझं सातच सर्ग वाचणाऱ्याच्या खांद्यावर येत नाही.

जहाजांची यादी

दुसऱ्या सर्गात 494 ते 759 या ओळी. 29 तुकड्या, 1,186 जहाजं. ती लक्षात ठेवण्यासाठी नाही. आधी 484पासूनचं कलादेवतांचं आवाहन सावकाश वाचा. तिथे कवी म्हणतो की तुम्ही सगळं पाहिलं आहे, आम्हाला फक्त कीर्ती ऐकू येते. मग यादी एका दमात, मोठ्याने, कुठेही न थांबता वाचा. वीस-पंचवीस मिनिटं लागतील. अ‍ॅगमेम्नॉनची 100 जहाजं, अकिलीसची 50, ओडिसियसची आणि अ‍ॅजॅक्सची फक्त बारा-बारा एवढं टिपलं तरी पुरे. एका जागी मात्र थांबा: 700च्या आसपास प्रोटेसिलाउस येतो. जहाजातून ट्रॉयच्या भूमीवर सर्वांत आधी उडी मारली ती त्याने, आणि मेलाही तोच. मागे गाल ओरबाडणारी बायको राहिली, आणि अर्धवट बांधलेलं घर. या रुक्ष वाटणाऱ्या यादीत काय दडलं आहे ते त्या अर्धवट घरावरून समजतं.

मरणाऱ्यांची नावं

दोनशेहून अधिक माणसं या काव्यात नावानिशी मरतात. नवा वाचक दोनपैकी एक चूक करतो. एक तर सगळी नावं लक्षात ठेवायला जातो आणि दमतो, नाहीतर भराभर ओलांडून पुढे जातो. तिसरा मार्ग आहे. अशा प्रसंगांत बहुधा तीन गोष्टी असतात: कोण, तो कुठून आला याची छोटी हकिकत, आणि जखम. मधल्या हकिकतीपाशी थांबायचं, नाव विसरून जायचं.

चौथ्या सर्गात 473पासूनच्या सतरा ओळी यासाठी आधी वाचून पाहा. सिमोइसियस नावाचा तरुण. त्याची आई आपल्या आईवडिलांबरोबर इडा पर्वतावर कळप पाहायला गेली होती. उतरताना सिमोइस नदीच्या काठी बाळंत झाली, म्हणून हे नाव. आईबापांनी वाढवलं त्याची परतफेड करणं त्याला जमलं नाही. अ‍ॅजॅक्सचा भाला उजव्या छातीतून खांद्यापार जातो. तो पडतो तो पाणथळ कुरणात वाढलेल्या पॉप्लरच्या झाडासारखा: गुळगुळीत खोड, शेंड्यालाच फांद्या. रथ बनवणाऱ्याने चाकाच्या कडीसाठी ते तोडलं, आणि ते नदीकाठी वाळत पडलं आहे. सतरा ओळींत नदीकाठचा जन्म आणि नदीकाठचं लाकूड. हा मुलगा काव्यात पुन्हा येत नाही.

उपमा आली की वेग निम्मा करा. अशा लांब उपमा दोनशेच्या आसपास आहेत, आणि शेत, कळप, वादळ, पोरंबाळं असं युद्धाबाहेरचं जग बरंचसं त्यांतूनच दिसतं. ‘जसा’ने सुरू झालेलं चित्र ‘तसा’पर्यंत पुरं डोळ्यांसमोर आणा, मगच पुढे जा.

विशेषणं आणि पुनरुक्ती

‘शीघ्रगती अकिलीस’ बसलेला असतानाही शीघ्रगतीच असतो. हे खटकतं, पण ही चूक नव्हे. अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरीने 1930च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांचं ध्वनिमुद्रण केलं आणि दाखवून दिलं की तोंडी रचना करणारा कवी अशी तयार पदं ओळीत बसवत जातो. अकिलीससाठी लांब, मध्यम आणि आखूड मापांची वेगवेगळी विशेषणं आहेत. ओळीत जेवढी जागा उरली असेल तेवढं माप उचलायचं. ती विशेषणं टाळू नका, सुरात वाचा. पंधरा मिनिटांत कान सरावतो.

लांब पुनरुक्तीकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावं, आणि याचा सर्वोत्तम धडा नवव्या सर्गात आहे. अ‍ॅगमेम्नॉन हार पत्करतो आणि अकिलीसला परत बोलावण्यासाठी देणग्या मोजतो: सात तिपाया, दहा टॅलंट (वजनाचं माप) सोनं, वीस कढया, बारा घोडे, लेस्बॉसच्या सात स्त्रिया, ब्रिसेइस परत, पुढे आपली मुलगी आणि सात नगरं. ओळी 122 ते 157. ओडिसियस अकिलीसच्या तंबूत जाऊन हीच यादी जवळजवळ शब्दशः म्हणतो, 264 ते 299. कंटाळून हा भाग गाळणाऱ्याच्या हातून मुख्य गोष्ट निसटते. अ‍ॅगमेम्नॉनच्या शेवटच्या चार ओळी ओडिसियस म्हणतच नाही. त्यांत राजा म्हणाला होता की त्याने आता नमावं, मी त्याच्याहून मोठा राजा आहे. ओडिसियसने त्या गिळल्या, आणि अकिलीसला तरीही त्या ऐकू आल्या असाव्यात असं त्याच्या उत्तरावरून वाटतं: पोटात एक आणि ओठांवर दुसरं ठेवणारा माणूस मला मृत्यूच्या दारासारखा अप्रिय आहे. दोन्ही उतारे बोट ठेवून शेजारी शेजारी वाचा.

त्याच सर्गात अकिलीसची तीन उत्तरंही लिहून काढा. ओडिसियसला तो सांगतो, उद्या सकाळी मी जहाजं पाण्यात लोटणार. म्हाताऱ्या फीनिक्सला म्हणतो, जायचं की राहायचं ते सकाळी ठरवू. अ‍ॅजॅक्स थोडक्यात आणि रागाने बोलतो, त्याला उत्तर मिळतं: हेक्टर माझ्या तंबूंपर्यंत येईल तोवर मी लढणार नाही. ‘जातो’पासून ‘तोवर लढणार नाही’पर्यंत तो सरकला आहे. परत जाऊन ओडिसियस मात्र सर्वांना पहिलंच उत्तर सांगतो.

तीन मराठी शब्द

काव्याचा पहिला शब्द ‘मेनिन’. इंग्रजीत त्यासाठी अँगर, रेज, रॉथ असे शब्द आळीपाळीने येतात आणि एकही पुरा बसत नाही, कारण ग्रीक शब्द मुख्यतः देवांच्या रागासाठी वापरतात आणि माणसांत अकिलीसच्या. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे: कोप. देवीचा कोप झाला म्हणतात तो. साध्या रागाची समजूत घालता येते. कोप शमावा लागतो, आणि तोवर गावच्या गाव भोगतं. अँगर दिसला की मनात कोप वाचा.

दुसरा, ‘गेरास’. लुटीतून सैन्याने योद्ध्याला दिलेलं बक्षीस असं भाषांतर होतं आणि मग प्रश्न पडतो की एका बंदिवान स्त्रीवरून एवढं का पेटलं. ‘मानाचा वाटा’ म्हणून पाहा. सगळ्यांदेखत दिलेला मान सगळ्यांदेखत काढून घेतला, हे दुखणं मानपानावरून मोडलेली लग्नं पाहिलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

तिसरा, विनवणी. गुडघे धरून, हनुवटीला हात लावून जीव मागण्याची ग्रीक रीत. कागदाच्या मागे या विनवण्यांची यादी करा, कारण सगळं काव्य तिच्यावर उभं आहे. पहिल्या सर्गात म्हातारा पुजारी क्रायसीस मुलीच्या सुटकेसाठी अमाप धन घेऊन येतो; अ‍ॅगमेम्नॉन त्याला हाकलतो. सहाव्यात अ‍ॅड्रेस्टस मेनेलाउसचे गुडघे धरतो; मेनेलाउसचं मन वळत असतं, तोच अ‍ॅगमेम्नॉन धावत येऊन अडवतो. दहाव्यात ट्रोजन हेर डोलॉन. एकविसाव्यात लायकेऑन, ज्याला अकिलीसने पूर्वी एकदा पकडून जिवंत विकलं होतं. सुटून घरी आल्यावर त्याला अकरा दिवस मिळाले, बाराव्या दिवशी तो पुन्हा त्याच हातांत सापडला. अकिलीस त्याला ‘मित्रा’ म्हणतो आणि मारतो. बाविसाव्यात हेक्टर जीव नाही, फक्त प्रेत घरी पोचवण्याचं मागणं मागतो. तेही नाकारलं जातं. लढाईत केलेली एकही विनवणी मान्य होत नाही.

शेवटचे सर्ग

सोळाव्यात कवी पॅट्रोक्लसला थेट ‘तू’ म्हणून आठ वेळा हाक मारतो. काही भाषांतरं हे पुसून ‘तो’ करतात. तुमच्या प्रतीत ‘तू’ असेल तर तो आवाज चढवून वाचा. पॅट्रोक्लसच्या डोक्यावरून अकिलीसचं शिरस्त्राण घोड्यांच्या टापांखाली घरंगळतं, तिथून चिलखताचा माग ठेवा. सतराव्यात ते हेक्टर घालतो. अठराव्यात हिफेस्टस अकिलीससाठी नवं घडवतो. ढालीचं वर्णन, 478 ते 608, वाचताना एक वर्तुळ काढून चित्रं भरत जा: आकाश, दोन नगरं, नांगरट, कापणी, द्राक्षमळा, गुरं, नाच, आणि कडेने समुद्र. बाविसाव्यात अकिलीस हेक्टरवर भाला रोखतो तेव्हा समोर स्वतःचंच जुनं चिलखत असतं आणि त्यात मानेपाशी कुठे फट आहे ते तो शोधतो. त्याच वेळी घरात अँड्रोमाकी मागावर बसली आहे आणि हेक्टरच्या अंघोळीसाठी पाणी तापवायला सांगते आहे. सहावा सर्ग लक्षात असेल तर इथे आवाज स्थिर ठेवणं अवघड जातं. थांबा, पाणी प्या, मग पुढे वाचा.

तेविसाव्यातल्या शर्यती उगाच लांबवल्या आहेत असं वाटतं. त्यात अकिलीस भांडणं मिटवतो, मानाचे वाटे नीट देतो, अ‍ॅगमेम्नॉनलाही स्पर्धा न होताच बक्षीस देतो, एवढ्यावर नजर ठेवा.

चोविसावा रात्री, शांत वेळी, एका बैठकीत, पूर्ण मोठ्याने. प्रायाम एकटा शत्रूच्या तंबूत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि आपल्या कितीतरी मुलांना मारणाऱ्या त्या हातांचं चुंबन घेतो. दोघं रडतात, प्रायाम हेक्टरसाठी, अकिलीस बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. इथे कोप विरघळला असं समजून घाईने पुढे जाऊ नका. 560च्या सुमारास तो पुन्हा भडकायला येतो, आणि हेक्टरचं प्रेत अकिलीस मुद्दाम आडबाजूला धुवायला लावतो: बापाने पाहिलं तर त्याला राग आवरणार नाही, आणि मग मलाही. या माणसाने स्वतःला ओळखलं आहे. मग दोघं जेवतात. किती दिवस युद्ध थांबवू, अकिलीस विचारतो. नऊ दिवस शोक, दहाव्याला अंत्यसंस्कार, अकराव्याला समाधी, बाराव्याला लढू, लढायचंच असेल तर, प्रायाम सांगतो. अखेरचे तीन विलाप अँड्रोमाकीचा, हेक्युबाचा आणि हेलनचा. तीन वेगळ्या सुरांत वाचा.

दुसऱ्या दिवशी पहिला सर्ग पुन्हा उघडा आणि फक्त पहिल्या 52 ओळी वाचा. एक म्हातारा बाप धन घेऊन शत्रूच्या जहाजांपाशी आला आहे. बाकी सगळे सैनिक द्या म्हणतात, एक राजा नाही म्हणतो. म्हातारा घाबरून, एक शब्द न बोलता, गर्जणाऱ्या समुद्राच्या कडेकडेने निघून जातो.